व्हेग्रंटचं मशीन उठत नाही, उठलं तर साइट उघडत नाही: नेमकं कुठं पाहायचं

प्रश्न विचारणारा मुलगा नागपूरच्या हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. विंडोज ११चा लॅपटॉप, ८ जीबी रॅम, वर व्हर्च्युअलबॉक्स (लॅपटॉपच्या आत दुसरा, आभासी संगणक म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम) आणि व्हेग्रंट (अशी मशीन एका फाइलवरून उभी करणारं साधन). व्हेग्रंटफाइलमध्ये दोन मशीन आहेत, ‘वेब’ आणि ‘डीबी’ (डेटाबेस), दोन्हींत उबंटू २२.०४ हे लिनक्स. तो लिहितो: “दादा, मागच्या आठवड्यापर्यंत सगळं नीट चालून राहिलं होतं. एक दिवस काम करता करता लाइन गेली. बॅटरी तर केव्हाचीच मेलेली, लॅपटॉप धाडकन बंद पडला. तेव्हापासून ‘व्हेग्रंट अप’ केलं की पाच मिनिटं अडकून राहते आणि मग टाइमआउट. नशिबानं उठलंच तर ब्राउझरमध्ये ८०८० वर साइट उघडत नाही. आत जाऊन पाहिलं तर दोन्ही मशीनचा आयपी सारखाच. मित्राच्या लिनक्सवर हीच फाइल चालवली तर तिथं आयपीचीच वेगळी एरर. मधात दुसऱ्या विषयासाठी डॉकर डेस्कटॉप टाकलं होतं, पण त्याचा काही संबंध नसावा. डिस्ट्रॉय करून नवीन बनवू का? डीबीमध्ये तीन आठवड्यांचा डेटा आहे, बॅकअप नाही.”

डिस्ट्रॉय करू नको. बाकीचं उत्तर वाचायच्या आधी हे एवढं ऐक. ‘व्हेग्रंट डिस्ट्रॉय’ मशीनची व्हर्च्युअल डिस्कच पुसून टाकतं, ती रीसायकल बिनमध्येही जात नाही. तुझा डेटा अजून जागेवर असण्याची शक्यता खूप आहे. लाइन गेल्यामुळे तो गेला नसेल, पण घाईत तू तो घालवशील. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका मुलीनं अगदी अशाच टाइमआउटला कंटाळून डिस्ट्रॉय केलं होतं. नवं मशीन झटकन उठलं आणि आतला डेटाबेस रिकामा होता. त्या संध्याकाळचा तिचा चेहरा मला अजून आठवतो.

आता तुझ्याकडून एक काम लगेच हवं. दोन्ही मशीन बंद असताना तुझ्या युजर फोल्डरमधलं ‘व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम्स’ हे फोल्डर उघड, त्यात डीबी मशीनचं फोल्डर दिसेल. ते आख्खं एखाद्या बाहेरच्या डिस्कवर कॉपी कर. दहा-वीस जीबी असेल, चहा होईपर्यंत होऊन जाईल. ही कॉपी हातात असली की पुढं काय वाट्टेल ते करून पाहता येतं, हात थरथरत नाहीत.

तुझ्या प्रश्नात चार वेगवेगळ्या तक्रारी एकत्र बांधल्या गेल्यात. एकाच दिवशी दिसल्या म्हणून त्यांचं कारणही एकच असेल असं तुला वाटतंय. ‘व्हेग्रंट अप’ म्हटल्यावर एकामागून एक बरंच काही घडतं. व्हर्च्युअलबॉक्स प्रोसेसरकडून व्हर्च्युअलायझेशनची सोय मागतो. मग मशीनला वीज मिळाल्यासारखं होतं, ग्रब (बूटचा मेन्यू) येतो, कर्नल (लिनक्सचा गाभा) चढतो, डिस्क तपासली जाते, नेटवर्क कार्डांना पत्ते मिळतात, एसएसएच (बाहेरून आत लॉगिन करायचं दार) सुरू होतं आणि मग कुठं व्हेग्रंट आत शिरतो. या सगळ्यात व्हेग्रंटला फक्त शेवटचं दार दिसतं. ते ३०० सेकंदांत उघडलं नाही की तो ‘टाइम्ड आउट व्हाइल वेटिंग फॉर द मशीन टू बूट’ म्हणतो. आत कर्नल अडकलाय, डिस्क तुटलीय की नुसतं सगळं सावकाश चाललंय, यातलं त्याला काहीच कळत नाही. म्हणून त्या ओळीवरून निदान करायला जाऊ नको. बूट टाइमआउट वाढवून ६०० करणं हे निदानानंतरचं काम आहे.

आत काय चाललंय ते पाहायची सोय आहे आणि बरेच लोक ती वापरत नाहीत. व्हेग्रंट मशीनला पडद्याआड चालवतो, पण पडदा असतोच. ‘व्हेग्रंट अप’ चालू असतानाच व्हर्च्युअलबॉक्सची मुख्य खिडकी उघड, डावीकडे डीबी मशीनवर क्लिक कर आणि वर ‘शो’ दाब. मशीनचा कन्सोल समोर येईल. कायमचा हवा असेल तर व्हेग्रंटफाइलमध्ये प्रोव्हायडरच्या भागात जीयूआय ‘ट्रू’ करून ठेव. त्या काळ्या खिडकीतली शेवटची ओळ व्हेग्रंटच्या पन्नास ओळींपेक्षा जास्त सांगते.

लाइन गेल्यानंतरची केस असल्यामुळे तिथं काय दिसू शकतं ते सांगतो. सगळ्यात आधी ग्रबचा मेन्यू थांबलेला दिसेल. मागचं बूट पूर्ण झालं नसेल तर उबंटू पुढच्या वेळी मेन्यू दाखवून ३० सेकंद थांबतो, त्यात काळजीचं काही नाही. त्यानंतर कदाचित ‘इनिटरॅमएफएस’ असा प्रॉम्प्ट दिसेल आणि त्याच्या वर लिहिलेलं असेल की रूट फाइलसिस्टिमला हातानं एफएससीके (डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवावं लागेल. हे दिसलं तर घाबरू नको, ही चांगली बातमी आहे. मशीनला स्वतःला कळलंय की डिस्कवरच्या नोंदी अर्धवट राहिल्यात, आणि ते परवानगी मागतंय. त्या संदेशात डिस्कचं जे नाव असेल, बहुतेक वेळा डेव्ह खालचं एसडीए१, तेच नाव घेऊन ‘एफएससीके’ला ‘हायफन वाय’ लावून चालव. संपलं की ‘एक्झिट’. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा मशीन तिथून सरळ लॉगिनपर्यंत जातं.

लाइन गेली की व्हर्च्युअल मशीनला खऱ्या मशीनपेक्षा जास्त मार का बसतो, हेही समजून घे. आतला लिनक्स वेळोवेळी डिस्कला सांगत असतो, जे हातात आहे ते आता पक्कं लिहून टाक. व्हर्च्युअलबॉक्सच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की वेग मिळावा म्हणून तो या विनंत्या सहसा सोडून देतो. म्हणजे लिनक्सला वाटतं लिहून झालं, आणि प्रत्यक्षात ते विंडोजच्या मेमरीतच असतं. त्याच क्षणी वीज गेली तर दोघांच्या हिशेबात फरक पडतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, ट्रान्सफॉर्मर दमतात, लाइन दुपारी चार-चारदा जाते. त्यात मेलेल्या बॅटरीच्या लॅपटॉपवर डेटाबेस चालवणं म्हणजे रोज हा जुगार खेळणं. बॅटरी बदल. ती बदलेपर्यंत निदान लॅपटॉपचा प्लग कूलरच्या बोर्डावर लावू नको. मोठ्या कूलरची मोटर सुरू होताना त्याच बोर्डावरचा लॅपटॉप दचकून बंद पडलेला मी धरमपेठेतल्या माझ्याच खोलीत पाहिलाय.

डेटाबेसची चिंता करत असशील तर मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन असल्या झटक्यासाठीच बांधलेलं आहे. प्रत्येक बदल ते आधी आपल्या लॉगमध्ये टिपतं, आणि पुढच्या वेळी सुरू होताना तो लॉग वाचून अर्धवट राहिलेलं पूर्ण करतं किंवा मागे घेतं. म्हणून पहिल्यांदा सेवा सुरू व्हायला जास्त वेळ लागला तर मध्ये मारू नको, संपू दे. आणि आत शिरल्या शिरल्या पहिलं काम म्हणजे ‘मायएसक्यूएलडम्प’, डेटाबेसची पूर्ण प्रत काढणारी कमांड. त्याची फाइल रूटखालच्या ‘व्हेग्रंट’ फोल्डरमध्ये टाक. ते फोल्डर म्हणजे विंडोजवरचं तुझं प्रोजेक्टचंच फोल्डर असतं, त्यामुळे मशीनचं पुढं काहीही झालं तरी ती फाइल बाहेर सुरक्षित राहते.

कधीकधी गोष्ट बूटपर्यंतही पोचत नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत मशीनपुढे ‘इनॅक्सेसिबल’ असं दिसतं. वीज गेली त्या क्षणी सेटिंगची डॉट व्हीबॉक्स फाइल लिहिली जात होती आणि ती रिकामी राहिली, असा त्याचा अर्थ. शेजारीच त्याच नावाची, शेवटी ‘प्रीव्ह’ असलेली फाइल असते, ती आधीची शाबूत प्रत. व्हर्च्युअलबॉक्स पूर्ण बंद कर, बिघडलेली फाइल बाजूला ठेव आणि प्रीव्हवाल्या प्रतीला मूळ नाव दे. आणखी एक प्रकार लक्षात ठेव. ‘व्हेग्रंट स्टेटस’ म्हणतं ‘नॉट क्रिएटेड’, आणि माणसाला वाटतं मशीनच गेलं. व्हेग्रंट आपल्या मशीनचा ओळखक्रमांक प्रोजेक्टमधल्या लपलेल्या ‘डॉट व्हेग्रंट’ फोल्डरात ‘आयडी’ नावाच्या फाइलमध्ये ठेवतो. ती फाइल हरवली तर त्याला मशीन ओळखू येत नाही इतकंच. व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत मशीन आहे का ते आधी पाहा, आणि पाहिल्याशिवाय ‘अप’ करू नको, नाहीतर शेजारी दुसरं कोरं मशीन तयार होईल आणि गोंधळ वाढेल.

आता डॉकरकडे, म्हणजे ॲप वेगवेगळ्या डब्यांत चालवणाऱ्या त्या प्रोग्रॅमकडे येतो. तू लिहिलंस की त्याचा संबंध नसावा. माझा अंदाज असा की पाच मिनिटांच्या टाइमआउटमागे लाइनपेक्षा तेच जास्त आहे.

इंटेलच्या प्रोसेसरमध्ये व्हीटी-एक्स आणि एएमडीच्या प्रोसेसरमध्ये एएमडी-व्ही नावाची सोय असते. व्हर्च्युअल मशीनला प्रोसेसरवर थेट, पूर्ण वेगानं चालू देणारी ती हीच. एका वेळी तिचा मालक एकच असू शकतो, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. डॉकर डेस्कटॉप विंडोजवर डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वापरतं, डब्ल्यूएसएल २ला ‘व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म’ लागतं, आणि ते चालू झालं की विंडोजच्या खाली मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर (हायपरव्हायजर), जाऊन बसतो. त्यानंतर ही सोय त्याच्या ताब्यात. व्हर्च्युअलबॉक्सला मग हायपर-व्हीच्या मार्फत काम करावं लागतं. फार पूर्वी तो सरळ नकार द्यायचा आणि एरर दाखवायचा, निदान कारण तरी कळायचं. २०१८च्या शेवटी आलेल्या ६.० आवृत्तीपासून तो आडवाटेनं चालायला शिकला, त्यामुळे मशीन उठतं, पण रांगत. ८ जीबी रॅममध्ये दोन मशीन, विंडोज आणि क्रोम असताना ते ३०० सेकंदांत लॉगिनपर्यंत पोचलं नाही तर त्यात नवल काही नाही.

हे तपासायला अर्धा मिनिट लागतो. मशीनच्या खिडकीत खालच्या पट्टीवर, उजवीकडच्या चित्रांमध्ये प्रोसेसरच्या जागी हिरवं कासव दिसतंय का ते पाहा. दिसलं तर तेच. जास्त खात्री हवी असेल तर मशीनच्या फोल्डरातल्या ‘लॉग्ज’मध्ये ‘व्हीबॉक्स डॉट लॉग’ उघड आणि ‘एनईएम’ शोध. नव्या आवृत्त्यांत तिथं ‘स्नेल एक्झिक्युशन मोड इज ॲक्टिव्ह’ अशी ओळच मिळते. तिसरी खूण विंडोजच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये असते. सगळ्यात खाली ‘अ हायपरव्हायजर हॅज बीन डिटेक्टेड’ दिसलं की कोणीतरी आधीच जागा अडवून बसलाय.

यावर उपाय दोन, आणि दोन्हींची किंमत आहे. पहिल्यात ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘बीसीडीएडिट’नं ‘हायपरव्हायजरलाँचटाइप’ हे ‘ऑफ’ करायचं आणि लॅपटॉप पूर्ण रीस्टार्ट करायचा. कासव जातं, पण डॉकरही चालत नाही. परत हवं तेव्हा तेच ‘ऑटो’ करून पुन्हा रीस्टार्ट. विंडोज ११मध्ये एवढ्यानं भागलं नाही तर ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘कोअर आयसोलेशन’खालचं ‘मेमरी इंटेग्रिटी’ही हायपर-व्हीला धरून ठेवत असतं. ती खरी सुरक्षेची सोय आहे, म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर कुठूनही उतरवून टाकणाऱ्या माणसाला मी ती बंद करायला सांगणार नाही. आणि बीसीडीएडिट असो की बायोसमधला बदल, बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेव, बदलानंतर लॅपटॉप ती मागू शकतो. दुसरा उपाय म्हणजे कासव स्वीकारायचं, टाइमआउट ६०० करायचा, प्रत्येक मशीनला २ जीबीऐवजी १ जीबी रॅम द्यायची आणि दोन्ही एकदम न उठवता ‘व्हेग्रंट अप डीबी’ आणि मग ‘व्हेग्रंट अप वेब’ असं एकेक उठवायचं. तुझ्या जागी मी असतो तर सबमिशन होईपर्यंत डॉकर बाजूला ठेवून पहिला मार्ग घेतला असता.

कन्सोलवर आणखी एक ओळ दिसू शकते, ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर वेट फॉर नेटवर्क टू बी कॉन्फिगर्ड’, आणि शेजारी सरकणारे सेकंद. एखाद्या नेटवर्क कार्डाला पत्ताच मिळत नाहीये आणि सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) त्याची वाट पाहत बसलाय, तब्बल २ मिनिटं. कासवावर बसलेल्या मशीनला ही २ मिनिटं भारी पडतात. बहुतेकदा कारण असतं ब्रिज्ड, म्हणजे थेट बाहेरच्या नेटवर्कला जोडलेलं कार्ड, जे घरच्या वायफायवर चाललं आणि कॉलेजच्या वायफायवर पत्ता मिळवू शकलं नाही. नेटप्लॅनच्या (उबंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये त्या कार्डाखाली ‘ऑप्शनल’ ‘ट्रू’ लिहिलं की मशीन त्याच्यासाठी अडून बसत नाही.

तुझ्या मित्राच्या लिनक्सवरची एरर वेगळी आहे आणि सोपी आहे. तुझ्या फाइलमध्ये १९२.१६८.३३.१० असावा, कारण व्हेग्रंटच्या नमुना फाइलमध्ये कित्येक वर्षं हाच पत्ता होता आणि जगभरच्या ट्युटोरियलमध्ये तो तसाच उतरला. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या व्हर्च्युअलबॉक्स ६.१.२८ पासून लिनक्स आणि मॅकवर होस्ट-ओन्ली (फक्त लॅपटॉप आणि त्यातली मशीन यांच्यातल्या) नेटवर्कला १९२.१६८.५६.० ते १९२.१६८.६३.२५५ एवढ्याच पट्ट्यातले पत्ते चालतात. विंडोजवर ही अट नाही, म्हणून तुझ्याकडे चाललं. ईटीसीखाली व्हीबॉक्स फोल्डरात ‘नेटवर्क्स डॉट कॉन्फ’ बनवून जास्तीचे पट्टे उघडता येतात. माझं मत विचारशील तर ते करू नको, पत्ते बदल. वेबला १९२.१६८.५६.१० आणि डीबीला १९२.१६८.५६.११ दे. तुझी फाइल मग कुणाच्याही लॅपटॉपवर चालेल. व्हर्च्युअलबॉक्सचा स्वतःचा डीएचसीपी तिथं १०१ पासून पुढचे पत्ते वाटतो, त्यामुळे टक्करही होत नाही. मित्राचा कर्नल ६.१२ किंवा त्यापुढचा असेल तर त्याला आणखी एक अडचण येऊ शकते. त्या कर्नलपासून केव्हीएमचं (लिनक्सच्या स्वतःच्या व्हर्च्युअलायझेशनचं) मॉड्यूल चढताच व्हर्च्युअलायझेशन स्वतःकडे घेतं आणि व्हर्च्युअलबॉक्स ‘व्हीएमएक्स रूट मोड’ची तक्रार करतो. म्यानाचीच गोष्ट, लिनक्सच्या बाजूनं. त्याला केव्हीएम लागत नसेल तर ते मॉड्यूल उतरवलं की झालं.

दोन्ही मशीनमध्ये सारखाच आयपी दिसतो म्हणतोस, तो १०.०.२.१५ असणार. त्यात बिघाड काही नाही. व्हेग्रंटच्या प्रत्येक मशीनचं पहिलं कार्ड नॅटवर असतं आणि व्हर्च्युअलबॉक्स प्रत्येक मशीनसाठी स्वतंत्र नॅट उभा करतो. जणू प्रत्येक घराला स्वतःचा छोटा राउटर. नंदनवनातल्या गल्लीत दहा घरांचा घर क्रमांक १ असू शकत नाही, पण दहा घरांतल्या राउटरमागे दहा फोन एकाच आयपीचे असू शकतात आणि कुणाचं काही अडत नाही. त्या पत्त्यावरून वेब मशीनला डीबी मात्र कधीच सापडणार नाही, तो स्वतःलाच हाक मारत राहील. एकमेकांशी बोलायला दुसरं कार्ड, म्हणजे ५६वाले पत्ते वापरायचे. ‘आयपी ए’ दिलंस की दोन्ही कार्डं एकाखाली एक दिसतील. दुसऱ्या कार्डाला पत्ताच नसेल तर ‘व्हेग्रंट रीलोड’ कर, कारण फाइलमधला बदल चालू मशीनला आपोआप लागू होत नाही.

आता साइट. इथं ब्राउझरनं दिलेला नकार नीट वाचायचा, कारण त्याच्या शब्दांत निदान असतं. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये तुझ्या विंडोजवरच्या ८०८० पोर्टवर खुद्द व्हर्च्युअलबॉक्सच कान लावून बसलेला असतो. तो ब्राउझरचा फोन उचलतो आणि मग आत मशीनला लावतो. म्हणून ब्राउझर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणाला तर बाहेरच कुणी बसलेलं नाही: मशीन बंद आहे, नियमच लागलेला नाही, किंवा तू चुकीचा पोर्ट टाइप करतोयस. आणि ‘कनेक्शन रीसेट’ किंवा ‘एम्प्टी रिस्पॉन्स’ म्हणाला तर बाहेरचं सगळं बरोबर आहे, फोन उचलला गेलाय, पण आत घंटी वाजून कुणी घेतलेलं नाही. पहिल्या प्रकारात व्हेग्रंटफाइल तपास, दुसऱ्यात मशीनच्या आत जा. हा फरक मला कुणी पहिल्या वर्षी सांगितला असता तर माझ्या कित्येक रात्री वाचल्या असत्या. हीच खूण एसएसएचलाही लागू आहे. ‘कनेक्शन रीसेट, रीट्राइंग’ म्हणजे आत एसएसएच अजून सुरू व्हायचंय. ‘ऑथेंटिकेशन फेल्युअर’ म्हणजे नेटवर्क ठणठणीत आहे, फक्त चावी जुळत नाही. बहुतेकदा प्रोजेक्ट दुसऱ्या लॅपटॉपवरून आणताना ‘डॉट व्हेग्रंट’मधली खासगी चावी मागे राहिलेली असते.

आत गेल्यावर ‘एसएस’ या कमांडला ‘टीएलएनपी’ लावून पाहा. कोणता प्रोग्रॅम कोणत्या पत्त्यावर कान लावून बसलाय याची यादी येते. तुझ्या ॲपच्या ओळीत १२७.०.०.१:८००० दिसलं तर कारण सापडलं. १२७.०.०.१ म्हणजे मशीनचा स्वतःशी संवाद, फॉरवर्ड होऊन आलेला फोन नॅटच्या कार्डावर येतो, तो तिथं ऐकूच जात नाही. जँगोचा रनसर्व्हर, व्हीटे, ४.२पासूनचं रेल्स ही वेब ॲप बनवायची साधनं, सगळे डेव्हलपमेंटमध्ये मुद्दाम असंच बांधलेले असतात. ॲपला ०.०.०.० वर ऐकायला सांग, म्हणजे सगळ्या कार्डांवर. जँगोत ‘रनसर्व्हर’पुढे ०.०.०.०:८००० लिहायचं, व्हीटेला ‘होस्ट’चा पर्याय द्यायचा. डीबीचंही तेच. उबंटूतला मायएसक्यूएल मुळात १२७.०.०.१ वरच बांधलेला येतो, त्याच्या सेटिंगमधला ‘बाइंड ॲड्रेस’ १९२.१६८.५६.११ कर. आणि ‘लोकलहोस्ट’साठी बनवलेला डेटाबेस युजर वेब मशीनवरून चालत नाही, त्याला १९२.१६८.५६.१०वरून यायची वेगळी परवानगी द्यावी लागते. तपासताना क्रम आतून बाहेर ठेव. आधी मशीनच्या आत ‘कर्ल’ करून साइट येते का, मग विंडोजवरून १९२.१६८.५६.१०वर, आणि शेवटी ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:८०८०. ज्या पायरीवर तुटतं तिथंच दोष आहे. वेब मशीनमधून विंडोजला पिंग करून पाहू नको. विंडोजचा फायरवॉल होस्ट-ओन्ली कार्डाला अनोळखी सार्वजनिक नेटवर्क समजून पिंग गिळतो आणि माणूस नसलेल्या दोषामागे धावतो.

ब्रिज्ड नेटवर्कबद्दल तू विचारलं नाहीस, पण डेमोच्या दिवशी कुणीतरी तुला ‘ब्रिज्ड कर, सगळ्यांना दिसेल’ म्हणून सांगणारच, म्हणून एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी मी शहरातल्या एका संस्थेत आठवड्याचं प्रशिक्षण घेत होतो. नेट हळू, म्हणून तयार मशीन पेन ड्राइव्हवरून वीसेक लॅपटॉपवर वाटलं आणि सगळ्यांना ब्रिज्डवर ठेवलं. पहिल्या दहा मिनिटांतच गोंधळ. एका मुलानं आपल्या मशीनवर फाइल बनवली तर ती मागच्या बाकावरच्या मुलीच्या मशीनवर दिसली. एकाचं एसएसएच मध्येच तुटायचं आणि दुसऱ्याचं त्याच क्षणी जुळायचं. मी आधी राउटर बदलला, मग मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डांचे ओळखक्रमांक) तपासले, ते सगळे वेगळे होते. दीड तास गेला. शेवटी दोन मशीनचे कन्सोल शेजारी ठेवले तेव्हा दिसलं, दोघांचा आयपी एकच. उबंटूचं सिस्टिमडी डीएचसीपीकडं (पत्ते वाटणाऱ्या सेवेकडं) आपली ओळख मॅक ॲड्रेसनं नाही, तर ईटीसीतल्या ‘मशीन-आयडी’ फाइलवरून देतं. पेन ड्राइव्हवरून ती फाइलही वीस ठिकाणी जशीच्या तशी गेली होती. राउटरच्या दृष्टीनं वर्गात एकच मशीन होतं. ती फाइल रिकामी करून रीबूट केलं की मशीन नवी ओळख बनवतं. नेटप्लॅनमध्ये ‘डीएचसीपी-आयडेंटिफायर’ ‘मॅक’ असं लिहिलं तरी चालतं. तेव्हापासून मी मशीन वाटण्याआधी ती फाइल रिकामी करतो. आणि वायफायवर ब्रिज्ड शक्यतो वापरतच नाही. बरेच ॲक्सेस पॉइंट एका वायफाय कार्डामागे दुसरा पत्ता दिसणं खपवून घेत नाहीत. डेमोसाठी पोर्ट फॉरवर्डिंग पुरतं.

राहिलेल्या दोन गोष्टी लवकर सांगतो. लॅपटॉप झोपवून पुन्हा उघडला की आतलं घड्याळ मागे राहू शकतं, मग ‘एपीटी’ (उबंटूत सॉफ्टवेअर उतरवणारी कमांड) म्हणतं रिलीज फाइल अजून वैध नाही किंवा सर्टिफिकेटची तारीख चुकलीय. नेटवर्कचा दोष समजून बसू नको, ‘टाइमडेटसीटीएल’ बघ आणि वेळ जुळव. आणि घरच्या वायफायवरून मोबाइल हॉटस्पॉटवर आलास की आत नावं सापडेनाशी होतात, आयपीनं मात्र सगळं चालतं. मशीन जुन्या डीएनएसला (नावावरून आयपी सांगणाऱ्या सर्व्हरला) चिकटलेलं असतं. रीलोड कर, आणि वारंवार होत असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटचा ‘डीएनएस होस्ट रिझॉल्व्हर’ चालू कर, म्हणजे तो विंडोजलाच विचारून सांगेल.

आज रात्री या क्रमानं जा: फोल्डरची कॉपी, डॉकर बाजूला, रीस्टार्ट, मग ‘व्हेग्रंट अप डीबी’ एकट्याचं, कन्सोल डोळ्यांसमोर ठेवून. लॉगिन दिसलं की आधी डम्प काढ. अडलास तर मला तीन गोष्टी पाठव: कन्सोलच्या शेवटच्या स्क्रीनचा फोटो, ‘व्हीबॉक्स डॉट लॉग’ पूर्ण, आणि तुझी व्हेग्रंटफाइल. फोटोत खालची चित्रांची पट्टी येऊ दे, मला कासव बघायचंय.